दिवा मंदावला तर बघू, पण लख्ख झाला तर?

वाचकाचं पत्र:

"आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेला आहे. तळमजला अधिक तीन मजले, १६ बिऱ्हाडं, बांधकाम १९८३ चं. सासऱ्यांनी घर घेतलं तेव्हाचंच वायरिंग आहे. रंग चार वेळा झाला, वायरला कुणी हात लावला नाही. गेले दोन महिने संध्याकाळी दिवे मधूनच मंद होतात, कधी कधी उलट एकदम लख्ख होतात. फ्रिजचं कार्ड जळलं, पाठोपाठ सेट-टॉप बॉक्स गेला. वॉशिंग मशीनला ओला हात लागला की झिणझिण्या येतात, हे तीनेक वर्षांपासून आहे. गीझरचं बटण तपकिरी पडलंय. ओळखीचे वायरमन म्हणतात, 'जुने फ्यूज काढून ३२ अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) टाकतो, कटकट मिटेल. आरसीसीबीच्या (वीज गळाली की पडणाऱ्या स्विचच्या) फंदात पडू नका, तो सारखा पडतो.' सेक्रेटरी म्हणतात, मीटरच्या पुढचं ज्याचं त्याने बघायचं. मुलगा घरून काम करतो, त्याला या उन्हाळ्यात दीड टनाचा एसी हवाय. सासरे म्हणतात, चाळीस वर्षं काही झालं नाही, उगाच भिंती फोडू नका. नक्की सुरुवात कुठून करू?"
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

ताई,

तुमच्या पत्रात एसीला जागा मिळाली, सेक्रेटरींना मिळाली, सासऱ्यांनाही मिळाली. ज्या गोष्टीने मी खुर्चीत सरळ होऊन बसलो तिला मात्र तुम्ही अर्धी ओळ दिलीत: "कधी कधी उलट एकदम लख्ख होतात." बाकी सगळं बाजूला ठेवा. आधी या अर्ध्या ओळीचं बघू.

दिवा मंद होणं आणि दिवा लख्ख होणं हे एकाच दुखण्याचे दोन प्रकार वाटतात, पण तसं नाही. तुमच्याच घरात गीझर लावला आणि तुमचेच दिवे मलूल झाले, तर मीटरपासून वर येणारी वायर बारीक आहे किंवा वाटेत एखादा स्क्रू ढिला आहे. हे दुरुस्त करायलाच हवं, पण यात व्होल्टेज वाढत नाही, कमी होतं. दिवा नेहमीपेक्षा उजळ होतो तेव्हा मात्र घरात २३० ऐवजी २७०, ३०० किंवा त्याहूनही जास्त व्होल्ट आलेले असतात. तुमचं घर एका फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या एकाच जिवंत तारेवर चालतं. एका फेजच्या घरात आतल्या कुठल्याही बिघाडाने व्होल्टेज असं चढत नाही. म्हणजे दोष तुमच्या घरात नाहीच. तो खाली मीटर केबिनमध्ये आहे, नाहीतर तिथे येणाऱ्या केबलमध्ये, नाहीतर रस्त्यावरच्या पिलरमध्ये, म्हणजे वीजवाटपाच्या पेटीत.

वायरमनच्या भाषेत याला "न्यूट्रल गेला" म्हणतात. इमारतीत वीज तीन फेजनी येते आणि तुमची १६ बिऱ्हाडं त्या तिघांवर वाटलेली असतात, पाच इकडे, पाच तिकडे. परतीची वाट मात्र सगळ्यांची एकच, ती न्यूट्रल. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजच्या मध्ये ४०० च्या आसपास. ती सामाईक वाट तुटली की वीज शेजाऱ्याच्या घरातून परत जाऊ बघते, आणि दोन घरं ४०० व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखी होतात. समजा, समोरच्यांचा २००० वॉटचा गीझर चालू आहे आणि तुमच्याकडे पंखा नि टीव्ही मिळून २०० वॉट. हिशोब केला तर त्यांच्या गीझरला ४० व्होल्टही मिळत नाहीत आणि तुमच्या टीव्हीवर साडेतीनशेच्या वर येतात. जो जास्त वीज ओढतो त्याचं पाणी तापत नाही एवढंच, आणि जो निमूटपणे बातम्या बघत बसलाय त्याचा टीव्ही जळतो. न्यायाच्या नावाने बोंबच.

तुमच्याकडे न्यूट्रल पूर्ण तुटलेला नसावा. असता तर संध्याकाळची वाट बघावी लागली नसती. सांधा ढिला असेल. संध्याकाळी सगळीकडे गीझर, इस्त्री, मिक्सर सुरू झाले की तो तापतो, ठिणग्या मारतो, संपर्क सोडतो. रात्री भार उतरला की थंड होऊन पुन्हा जेमतेम टेकतो. असे सांधे आपोआप बरे होत नाहीत, दर दिवशी थोडे जास्त जळतात. फ्रिजचं कार्ड ही त्यांची पहिली पावती, सेट-टॉप बॉक्स ही दुसरी.

पुढच्या वेळी दिवा लख्ख झाला की फ्रिजकडे धावू नका, टीव्हीचा प्लग काढत बसू नका. आधी मेन पाडा. मग जिन्यात येऊन वरच्या-खालच्यांना विचारा: तुमचे दिवे उजळले की मंदावले? त्याच क्षणी काहींचे उजळले आणि काहींचे मंदावले असतील, तर निदान झालं. मग महावितरणच्या १९१२ किंवा १९१२० या क्रमांकावर फोन करा, आणि "लाइटचा प्रॉब्लेम आहे" असं मोघम सांगू नका. "इमारतीचा न्यूट्रल लूज आहे, व्होल्टेज वाढतंय, उपकरणं जळतायत" असं सांगा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. मीटरपर्यंतचं काम त्यांचं, तिथल्या सीलला तुमच्या वायरमनने हात लावायचा नाही. सील तुटलं तर उद्या वीजचोरीचं शुक्लकाष्ठ मागे लागेल.

दरम्यान एक छोटी खरेदी करा. सॉकेटमध्ये खोचायचा डिजिटल व्होल्टमीटर मिळतो, आकडा समोर दिसतो. तो दिवाणखान्यात लावून ठेवा. २१५ ते २४५ च्या आत फिरत असेल तर ठीक. आणि नवा फ्रिज-टीव्ही आणायच्या आधी मेनजवळ ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो घर तोडतो आणि नीट झालं की पुन्हा जोडतो. दुकानदार "सर्ज प्रोटेक्टर" म्हणून दुसरंच काही हातात देईल. ते विजेच्या क्षणभराच्या उसळीसाठी असतं, दहा मिनिटं टिकणाऱ्या ३०० व्होल्टपुढे त्याचं काही चालत नाही. साधा एमसीबीही इथे कामाचा नाही. त्याला अँपिअर कळतात, व्होल्ट कळत नाहीत.

आता सेक्रेटरी. ते चुकताहेत, आणि त्यांच्याकडे कपाटात ठेवलेल्या पुस्तकातच ते चूक ठरतात. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये संस्थेने स्वतःच्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे. जिना, गच्ची, पाण्याच्या टाक्या यांच्याबरोबर त्यात "सदनिकेतल्या मेन स्विचपर्यंतच्या वीजवाहिन्या" ही बाबही आहे. मेन स्विच तुमच्या दाराच्या आत आहे. म्हणजे मीटरपासून तुमच्या दारापर्यंत वर येणारी वायर सोसायटीने बघायची. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेल्या उपविधींची प्रत मागा, ते कलम काढा आणि अर्जात त्याचा क्रमांक घालून लेखी द्या. भांडू नका. मीटर केबिनमध्ये बिघाड झाला तर आग सेक्रेटरींच्या मजल्यावर पोचणार नाही असं थोडंच आहे?

केबिन एकदा बघून या, फक्त लांबून, काहीही न उघडता. कल्याण-डोंबिवलीत त्या काळात बांधलेल्या बहुतेक इमारतींत मीटर जिन्याखाली असतात, म्हणजे जिथे आग लागेल तीच बाहेर पडायची एकमेव वाट. आणि तिथे काय ठेवलेलं असतं? बंद पडलेली स्कूटर, कुणाच्या तरी जुन्या दाराची फळी, आणि गेल्या वर्षीचं गणपतीचं थर्माकोलचं मखर, कारण "पुढच्या वर्षी लागेल". ते सगळं उद्या सकाळी हलवा. याला पैसे लागत नाहीत आणि सर्वसाधारण सभाही लागत नाही.

वॉशिंग मशीनच्या झिणझिण्यांचं मला वेगळंच कुतूहल आहे. तुम्ही लिहिता, तीनेक वर्षांपासून. तीन वर्षांपूर्वी सोसायटीने पाण्याचे गंजलेले लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचे घातले होते का? माझी पैज आहे, घातले असणार. त्या काळात कितीतरी घरांत अर्थिंगची, म्हणजे गळालेली वीज जमिनीत सोडणारी वायर नेऊन नळाच्या पाइपला गुंडाळलेली असायची. लोखंडी पाइप जमिनीत गेलेला, त्यामुळे काम भागायचं. प्लंबर आला, पाइप बदलला, पाणी छान यायला लागलं आणि आख्ख्या इमारतीचं अर्थिंग त्या दिवशी गेलं. कुणाला पत्ताही नाही, कारण अर्थिंग गेल्यावर दिवे जात नाहीत.

तुमची खरी अर्थिंगची जागा आवारात कुठेतरी असेलही. जमिनीत पुरलेली प्लेट किंवा पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला छोटा खड्डा. पण पेव्हर ब्लॉक बसवताना तो खड्डा झाकला गेला असण्याची शक्यता दाट आहे. वॉचमनला विचारा, म्हातारा असेल तर त्याला आठवेल. नाही सापडला तर नवीन करून घ्यावा लागेल आणि तो सोसायटीचा खर्च आहे. अर्थ टेस्टरने मोजून घ्या, रोध पाच ओहमच्या आत आला पाहिजे. ठेकेदार नुसतं "झालं साहेब" म्हणाला तर पैसे देऊ नका, आकडा कागदावर घ्या. त्यानंतर तिथून प्रत्येक मजल्यावर आणि प्रत्येक घरात अर्थची वायर वर यायला हवी. खाली खड्डा उत्तम आणि वर वायरच नाही, हेही मी पाहिलंय.

आता जे लिहितो ते वायरमनला उभं करून तपासून घ्या, आजच्या आज. अर्थिंग नसलेल्या घरात "झिणझिण्या येतात" अशी तक्रार आली की काही मंडळी एक शॉर्टकट मारतात. सॉकेटच्या आत न्यूट्रलच्या टर्मिनलपासून अर्थच्या टर्मिनलला दोन इंचांचा वायरचा तुकडा जोडतात. झिणझिण्या थांबतात, गिऱ्हाईक खूश, चहा-बिस्किटं येतात. पण न्यूट्रल पुढे कुठेही तुटला की त्याच तुकड्यातून मशीनच्या पत्र्यावर सरळ २३० व्होल्ट येतात. आणि तुमच्या इमारतीत न्यूट्रलच ढिला आहे! नुसत्या झिणझिण्या त्या मानाने परवडल्या. तुमच्याकडे झिणझिण्या अजून येतात, म्हणजे मशीनच्या सॉकेटमध्ये तो तुकडा बहुधा नसेल, पण स्वयंपाकघरातल्या, फ्रिजच्या, गीझरच्या सॉकेटमध्ये असू शकतो. मेन बंद करून प्रत्येक तीन पिनांचा सॉकेट उघडून बघायला सांगा. सापडला तर काढायचा, आणि तोवर मशीन लावताना रबरी चप्पल, कोरडे हात, आणि प्लग लावायचा-काढायचा तो बटण बंद असताना.

तुमच्या वायरमनचे दोन सल्ले. मी त्यांना वाईट म्हणणार नाही, मीही तरुणपणी हेच करत होतो. आयटीआय करून नुकताच कामाला लागलो होतो. घरचा फ्यूज रविवारी सकाळी, नेमका सगळे टीव्हीसमोर बसलेले असताना उडायचा. तिसऱ्यांदा उडाल्यावर मी चिनीमातीच्या किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या खोबणीत, फ्यूजची तार न घालता जुन्या वायरमधल्या तांब्याच्या चार तारा पिळून घातल्या. फ्यूज पुन्हा कधी उडाला नाही. दोन महिन्यांनी इस्त्रीचा बोर्ड आतून वितळून भिंतीवर काळा ओघळ आला. आई काही बोलली नाही, फक्त तो ओघळ तिने पुढच्या रंगापर्यंत तसाच ठेवायला लावला.

३२ चा एमसीबी म्हणजे त्याच चार तारा, फक्त पांढऱ्या प्लास्टिकच्या डबीत. एमसीबी उपकरणासाठी नसतो, वायरसाठी असतो. भिंतीतली वायर जेवढे अँपिअर सुखाने वाहून नेते त्याच्या आतच तो पडला पाहिजे. पाइपातली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर १६ किंवा फार तर २० अँपिअरचा एमसीबी मागते, दिव्यांची १.५ ची वायर ६ किंवा १० चा. ३२ लावला तर वायर आधी जळेल आणि एमसीबी मग पडेल. वारंवार पडतो म्हणून मोठा लावायचा, हा ताप येतो म्हणून थर्मामीटर फोडण्याचा प्रकार झाला.

जुने फ्यूज काढायचेच आहेत, पण कारण वेगळं. तुमचा लोखंडी मेन स्विच उघडला तर आत बहुधा दोन किटकॅट दिसतील, एक फेजवर आणि एक न्यूट्रलवर. न्यूट्रलवरचा फ्यूज ही जुन्या घरातली फसवी गोष्ट आहे. तो उडाला की दिवे जातात, पंखा थांबतो, आपल्याला वाटतं वीज गेली. पण फेज तसाच जिवंत असतो, प्रत्येक होल्डरमध्ये, प्रत्येक सॉकेटमध्ये. बल्ब बदलायला स्टुलावर चढलेला माणूस म्हणूनच फेकला जातो. त्या जागी दोन पोलचा मुख्य स्विच हवा, फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारा.

त्याच्या पाठोपाठ आरसीसीबी. ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअर. हे यंत्र एवढंच बघतं की फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परत आली का. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे ती दुसऱ्या कुठल्या वाटेने, कदाचित तुमच्या अंगातून, जमिनीत चालली आहे, आणि ते डोळ्याचं पातं लवायच्या आत तोडतं. अर्थिंग नसलं तरीही ते काम करतं. फरक असा, की अर्थिंग असेल तर मशीन बिघडताक्षणी पडतं, आणि नसेल तर कुणीतरी मशीनला हात लावल्यावर. म्हणून दोन्ही हवीत. मात्र आरसीसीबी जादा भार किंवा शॉर्टसाठी पडत नाही, त्यासाठी पुढे एमसीबी लागतातच.

"तो सारखा पडतो" ही तक्रार खरी आहे. जुन्या घरात बसवला की पहिल्या आठवड्यात तो नक्की पडतो, कारण चाळीस वर्षांची पापं त्याला एकदम दिसतात. गीझरचा एलिमेंट झिजून पाण्यात वीज गळत असते. बाथरूमच्या भिंतीतला सांधा पावसाळ्यात ओला होतो. वर सांगितलेला तो न्यूट्रल-अर्थचा तुकडा कुठेतरी असतो. आणि इन्व्हर्टर. भारनियमनाच्या काळात कल्याण-डोंबिवलीत घरोघरी इन्व्हर्टर आले, घाईघाईत बसवले गेले, आणि त्यांचा न्यूट्रल कुठून घेतला, कुठे सोडला हे बसवणाऱ्यालाही आठवत नसेल. त्याचा न्यूट्रल आरसीसीबीला वळसा घालून जात असेल तर आरसीसीबी उभाच राहणार नाही. चांगला वायरमन एकेक एमसीबी पाडून, एकेक उपकरण काढून अर्ध्या दिवसात दोषी शोधतो. न शोधणारा आरसीसीबी काढून टाकतो.

फ्रिजमधलं दूध नासू नये म्हणून शक्य असेल तर दोन आरसीसीबी घ्या, एक गीझर-मशीनसारख्या पाण्याजवळच्या उपकरणांना, एक बाकी घराला. मात्र तेव्हा दोन्हींचे न्यूट्रल शेवटपर्यंत वेगळे ठेवावे लागतात, हे वायरमनला आधीच बजावा. आरसीसीबीवर "टी" लिहिलेलं चाचणीचं बटण असतं. दर संकष्टीला एकदा दाबा, म्हणजे लक्षात राहील. दाबल्यावर पडला नाही तर त्याच दिवशी बदलायचा.

गीझरचं तपकिरी बटण. १९८३ ची वायर म्हणता, म्हणजे ॲल्युमिनियमची असण्याची बरीच शक्यता आहे. तांबं महाग आणि टंचाईचं होतं, तेव्हा हजारो घरांत तीच घातली. ॲल्युमिनियम स्क्रूखाली दाबलं की हळूहळू दबून सरकतं, तापून-थंड होऊन सैल होतं, वर त्याच्यावर गंजाचा एक थर धरतो जो वीज नेत नाही. आपल्याकडची दमट हवा त्यात भर घालते. सांधा तापतो, प्लास्टिक तपकिरी होतं, माशासारखा वास येतो. एखाद्याने मधे तांब्याची वायर आणून ॲल्युमिनियमला नुसती पिळून टेप मारली असेल तर विचारूच नका. बटण बदलून काही होणार नाही, नवं बटण सहा महिन्यांत पुन्हा त्याच रंगाचं होईल. गीझर २००० वॉटचा, म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर, आणि ते अर्धा-अर्धा तास सलग. त्याला मेनपासून स्वतःची तांब्याची वायर हवी, मधे सांधा नको. ती होईपर्यंत गीझर बंद ठेवा. गॅसवर पाणी तापवा, महिनाभराचा प्रश्न आहे.

एसीचं उत्तर आता तुम्हीच देऊ शकाल. दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो. स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी (कॉम्प्रेसर सुरू होताना जो झटका घेतो तो या प्रकाराला सोसतो), आणि भक्कम सॉकेट. हे सोपं आहे. अवघड भाग खाली, मीटरकडे आहे. एसी आठ, गीझर नऊ, इंडक्शन नऊ, मशीनचा हीटर नऊ, सगळं एका संध्याकाळी चालू झालं तर ३५ अँपिअर. मीटरपासून वर येणारी तुमची जुनी ॲल्युमिनियमची वायर याच्या निम्म्या-पाऊणपटीतच धापा टाकेल. ती १० चौरस मिलिमीटर तांब्याची करून घ्या, आणि वीजबिलावर "मंजूर भार" बघून तो कमी असेल तर वाढवण्याचा अर्ज एसी यायच्या आधी द्या. आधी वर एसी आणि मग खालची वायर, असा उलटा क्रम लावला तर तुमचे जुने सांधे मे महिन्यात जळतील. मुलाला सांगा, यंदा एक महिना कूलर.

सासऱ्यांच्या भिंतींचं. त्यांचं म्हणणं मला पटतं, थोडं. चाळीस वर्षांच्या इमारतीत भिंतीला झिऱ्या मारत सुटणं बरं नाही, आणि कॉलम-बीमला तर कटर लावूच द्यायचा नाही, वायरमन "एकच इंच" म्हणाला तरी. पण फोडायची गरज पडेलच असं नाही. वायर भिंतीतल्या पीव्हीसी पाइपातून गेली असेल तर जुन्या वायरलाच नवी बांधून ओढता येते. पाइप लोखंडी असेल आणि स्लॅबच्या गळतीने आतून गंजला असेल तर अडतं. लाकडी पट्टीवर असेल तर प्रश्नच नाही, काढायची आणि केसिंग-कॅपिंगच्या पांढऱ्या पट्टीतून नवी घ्यायची. दिसायला जरा ऑफिससारखं दिसतं, पण उद्या काही बिघडलं तर टोपण काढून दहा मिनिटांत सापडतं. मी माझ्या स्वतःच्या घरात तेच केलंय आणि बायकोने पहिले सहा महिने नाक मुरडलं.

सगळं घर एकदम करायची ऐपत नसेल तर या क्रमाने करा: न्यूट्रल, अर्थिंग, मीटरपासूनची वायर, मेनचा नवा बोर्ड, मग गीझर-स्वयंपाकघर-मशीन, मग एसी, आणि दिवे-पंखे शेवटी. दिव्यांच्या वायरला एलईडीच्या जमान्यात काही भारच उरलेला नाही. मात्र त्या ठेवायच्या तर आधी मेगर, म्हणजे वायरचं वेष्टण तपासायचं यंत्र, लावून घ्या. ५०० व्होल्टच्या मेगरवर एक मेगाओहमच्या खाली आकडा आला तर वेष्टण संपलंय, ओढून टाका. शयनगृहातला एलईडी बंद केल्यावरही मिणमिणत असेल तर बटणातून फेजऐवजी न्यूट्रल तुटतोय का, हे त्याच फेरीत बघायला सांगा.

काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि झाल्यावर त्याच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट मागा. मंजूर भार वाढवताना तो लागतोच. वायरच्या बंडलावर आयएसआयचा शिक्का आणि चौरस मिलिमीटर स्वतः वाचा. जुनी मंडळी अजून "थ्री-ट्वेंटी", "सेव्हन-ट्वेंटी" अशी वायरची जुनी मापं म्हणतात. म्हणू देत, तुम्ही बिलावर चौरस मिलिमीटर लिहून घ्या.

तो व्होल्टमीटर लावलात की आठवडाभर सकाळी सात, दुपारी दोन, संध्याकाळी सात आणि रात्री अकराचे आकडे एका वहीत टिपा आणि मला पाठवा. पाइप कधी बदलले तेही कळवा. पैज लागलेली आहे.